जटा फोमच्या, श्वास आपला

वऱ्हाडात साच्याचे काम नवे नाही. महालक्ष्म्या जवळ आल्या की पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘अमरावतीचे मुखवटे’ म्हणून जे रेखीव चेहरे मांडलेले दिसतात, ती इकडच्या कारागिरांच्या हातची कला. शाडू किंवा प्लास्टर, एक नेटका साचा, वर रंगाचा हात आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पिढ्यान्‌पिढ्या हे काम घराच्या ओसरीवर होत आले.

आता साच्याच्या या विद्येला नवी गिऱ्हाइके मिळाली आहेत. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला राक्षस, विद्यापीठाच्या युवा महोत्सवात मूकनाट्यातला परग्रहवासी, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात निघणाऱ्या कावड-पालखीच्या झाकीतला जटाधारी शंकर. अशा सोंगांना मुखवटा लागतो आणि मुखवट्याला जटा लागतात. पूर्वी त्या अंबाडीच्या किंवा तागाच्या वाखाच्या असत. आज इंटरनेटवर मागवलेल्या दोन बाटल्यांमधून मऊ, लवचीक फोमच्या जटा घरच्या घरी ओतता येतात. हलक्या असतात, मान हलवली की लवतात, कॅमेऱ्यासमोर खऱ्या वाटतात. १९८७ सालच्या ‘प्रीडेटर’ या हॉलिवूडपटातला परग्रहावरचा शिकारी आठवत असेल, तर त्याच्या डोक्यावरच्या त्या जाड रबरी जटाही आठवतील. स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने घडवलेल्या त्या सोंगाने जगभरच्या हौशी कलाकारांना वेड लावले.

वेड चांगलेच आहे. प्रश्न आहे तो त्या दोन बाटल्यांचा. तयार झालेली फोमची जट डोक्यावर घातली तर सहसा काही होत नाही. पण ती तयार होत असताना, द्रव ते फोम या काही मिनिटांच्या प्रवासात, ती ओतणाऱ्याच्या फुफ्फुसांना जन्माचे दुखणे देऊन जाऊ शकते. पदार्थ तोच, रूप वेगळे आणि परिणामही वेगळा. ही एक गोष्ट कळली, तर हा छंद निर्धास्तपणे करता येईल.

टिनच्या माणसाची गोष्ट

रूप बदलले की धोका कसा बदलतो, याचे सिनेमाच्या इतिहासातले उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटात ‘टिनचा माणूस’ आहे. ही भूमिका आधी बडी एब्सन या नटाकडे होती. त्याचा चेहरा चकाकावा म्हणून रंगावर अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड लावली जाई. चित्रीकरणाच्या थोड्याच दिवसांत त्याला श्वास घेणे अवघड झाले आणि थेट रुग्णालयात दाखल करावे लागले. भूमिका गेली जॅक हेली या दुसऱ्या नटाकडे. त्याच्यासाठी रंगभूषेत बदल केला गेला. अ‍ॅल्युमिनियम तेच, पण पुडीऐवजी लेप. लेप श्वासात जात नाही, म्हणून हेलीने भूमिका पूर्ण केली.

पूड उडते, लेप उडत नाही. फोमच्या बाबतीतही हाच न्याय लावायचा आहे.

दोन बाटल्यांत काय असते?

हा मऊ फोम म्हणजे पॉलियुरेथेन. सोफ्याच्या गादीत, गाडीच्या सीटमध्ये, उशीत असतो तोच. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रसायनाचा शोध लावला. एका बाटलीत पॉलिऑल नावाचे घट्टसर तेलासारखे द्रव्य असते. त्यातच थोडे पाणी आणि प्रक्रिया वेगाने घडवणारी रसायने मिसळलेली असतात. दुसऱ्या बाटलीत असते आयसोसायनेट, बहुधा ‘एमडीआय’ या प्रकारचे.

दोन्ही एकत्र ढवळले की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. पॉलिऑल आणि आयसोसायनेट यांची साखळी जुळून रबरासारखा पदार्थ बनू लागतो. त्याच वेळी आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ढोकळ्याच्या पिठात सोडा घातल्यावर जसे बुडबुडे येऊन पीठ फुलते, तसेच हे मिश्रण फुलते. साधारण अर्ध्या-एक मिनिटात फेस धरू लागतो आणि काही मिनिटांत तो मूळ द्रवाच्या कित्येक पट होतो. बुडबुडे फुगत असतानाच भिंती घट्ट होतात आणि स्पंज तयार होतो.

आयसोसायनेट हे नाव ऐकून भोपाळ आठवले असेल, तर ते चूक नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे सुटला तो मिथाइल आयसोसायनेट वायू याच कुळातला. पण फरक समजून घ्यायला हवा. तो अतिशय बाष्पनशील आणि तात्काळ घातक होता. फोममधला एमडीआय साध्या तापमानाला फारच कमी उडतो. त्याने भोपाळसारखी दुर्घटना होणार नाही. त्याचा धोका वेगळा आहे. तो हळूहळू, एकेका माणसाला गाठतो.

शरीर विसरत नाही

व्यवसायातून होणाऱ्या दम्याची जी प्रमुख कारणे जगभर नोंदली गेली आहेत, त्यांत आयसोसायनेटचा क्रमांक वरचा आहे. फोमचे कारखाने, गाड्यांना दोन घटकांचा रंग फवारणारी गॅरेजे, दाराच्या चौकटीत फोम भरणारे कारागीर या सर्वांना तो लागू शकतो. काही लोकांच्या बाबतीत असे होते की, काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षे या रसायनाच्या संपर्कात राहिल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती त्याला ‘शत्रू’ म्हणून ओळखू लागते. याला संवेदनशीलता येणे म्हणतात. एकदा ही ओळख पटली की नंतर अगदी नगण्य मात्राही पुरते. शेजारच्या खोलीत कुणी फोम ओतला तरी यांची छाती भरून येते. त्वचेवर पुन्हा पुन्हा सांडलेले द्रवही ही संवेदनशीलता निर्माण करण्यास हातभार लावू शकते, असे दिसून आले आहे.

फसवी गोष्ट अशी की लक्षणे लगेच येतीलच असे नाही. दुपारी फोम ओतला आणि खोकला, घरघर, छातीत आवळल्यासारखे वाटणे सुरू झाले रात्री, चार ते आठ तासांनी. मग त्याचा संबंध दुपारच्या कामाशी कोण जोडणार? ‘हवा बदलली’, ‘धुळीची अ‍ॅलर्जी आहे’, ‘कपाशीच्या शेतात औषध मारले होते’ असे म्हणून दिवस जातात. वासावर भरवसा ठेवावा, तर तेही नाही. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने एमडीआयसाठी सुचवलेली मर्यादा आहे हवेच्या एक अब्ज भागांत पाच भाग. एवढ्या कमी मात्रेला नाकाला काहीच कळत नाही. वास आला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, हा समज इथे चालत नाही.

या धोक्याची दखल युरोपीय संघाने कायद्याने घेतली. २४ ऑगस्ट २०२३ पासून तिथे ०.१ टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेले पदार्थ कामात वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. घरातल्या खोलीत, भावंडांच्या आणि स्वयंपाकघराच्या शेजारी बसून सोंगाची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांना हे प्रशिक्षण कोण देणार? म्हणून हा लेख.

जट ओतताना

पद्धत समजून घेऊ, म्हणजे धोका नेमका कुठे आहे ते दिसेल.

आधी मातीची जट घडवायची. वर अंगठ्याएवढी जाड, खाली निमुळती, अंगावर सुरकुत्या आणि वळणे. तिचा दोन फाकांचा साचा घ्यायचा, प्लास्टरचा किंवा सिलिकॉनचा. प्लास्टरचे काम निरुपद्रवी वाटते, पण पाणी घातल्यावर ते घट्ट होताना चांगलेच तापते. इंग्लंडमधल्या एका शाळेत २००७ साली कलेच्या तासाला एका मुलीने हातांचा साचा घेण्यासाठी ते प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर आवळले, तापले आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. म्हणून हात किंवा चेहरा थेट प्लास्टरमध्ये कधीही घालू नये. चेहऱ्याचा ठसा घ्यायचाच असेल, तर दातांचे डॉक्टर वापरतात ते अल्जिनेट वापरावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात आणि सोबत जाणता माणूस असावा.

साचा वाळला की आतून मेणाचा हात द्यायचा, म्हणजे फोम चिकटत नाही. मग द्रव लॅटेक्सचा पातळ थर. हीच जटेची कातडी. तिच्यामुळे वरचे बुडबुडे झाकले जातात. मधोमध एक दोरी ठेवायची. तिच्यामुळे जट ओढली तरी तुटत नाही आणि दोरीचे टोक मुखवट्याला बांधता येते. निमुळत्या टोकाला बारीक छिद्र ठेवले नाही, तर तिथे हवा अडकून टोक अर्धवट राहते.

आता खरा क्षण. दोन्ही द्रव्ये डब्यावर दिलेल्या प्रमाणात वजनकाट्यावर मोजायची, झपाट्याने ढवळायची, साच्यात ओतायची आणि साचा बांधायचा. मोजण्यापासून फोम घट्ट होईपर्यंतचा हा काळ सर्वांत जपण्याचा. या वेळी खोलीत दुसरे कुणी नको. लहान मुले, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण तर मुळीच नको. काम गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे तर वारा बाजूने जाईल असे बसून करावे, म्हणजे वाफ तोंडासमोर घोटाळत नाही.

हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना बंदिस्त चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तोंडावर रुमाल, करोनाच्या काळातला कापडी मास्क किंवा एन-९५ यांचा वाफेला काहीही उपयोग नाही. ते फक्त कण अडवतात. कोळशाच्या डब्या लावलेला, रबरी कडांनी चेहऱ्यावर घट्ट बसणारा रासायनिक मास्कच हवा. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही.

आपले हवामानही हिशोबात धरा

बाटलीवरच्या सूचना साधारण २५ अंशांसाठी लिहिलेल्या असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. रासायनिक प्रक्रिया ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट वेगाने होते. म्हणजे जे मिश्रण एका मिनिटात फेसाळायला हवे, ते ओतण्याआधीच भांड्यात फुगते आणि तापलेल्या द्रवातून वाफही जास्त उठते. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावे.

पावसाळ्याची तऱ्हा उलटी. आयसोसायनेटला पाणी लागते आणि श्रावण-भाद्रपदात ते हवेतच असते. उघडी राहिलेली बाटली हवेतला ओलावा ओढते. नंतर तिचे झाकण घट्ट लावले, तर आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, बाटली फुगते, कधी फुटतेसुद्धा. त्यामुळे बाटली वापरल्याबरोबर कोरडी पुसून बंद करावी. पाणी गेल्याची शंका असलेली किंवा फुगलेली बाटली घट्ट बंद करून कपाटात ठेवू नये. उरलेले मिश्रण मोठ्या भांड्यात एकत्र ओतून ठेवणेही चूक. फोमचा मोठा गोळा आतून एवढा तापू शकतो की करपतो.

हातावर द्रव सांडले तर आधी कोरड्या कपड्याने टिपून मग साबण-पाण्याने भरपूर धुवावे. डोळ्यांत गेले तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

रंगाचे गणित

रंग दोन वेळा लागतो, आत आणि बाहेर. आतला रंग पॉलिऑलच्या बाटलीतल्या द्रव्यात आधी मिसळायचा, नंतर आयसोसायनेट घालायचे. इथे पोस्टर कलर किंवा कापडाचा रंग घालण्याचा मोह होतो. पण त्यांत पाणी असते. पाणी वाढले की वायू वाढतो, फोम बेसुमार फुगतो आणि मग बसतो, जशी सोडा जास्त झालेली इडली बसते. म्हणून पाणी नसलेला, याच कामासाठी मिळणारा रंगच घ्यावा आणि तोही थोडा.

बाहेरून लावायचा रंग जटेबरोबर वाकला पाहिजे. भिंतीचा किंवा दाराचा रंग वाळून कडक होतो आणि पहिल्याच नाचात त्याचे पापुद्रे सुटतात. द्रव लॅटेक्समध्ये कालवलेला रंग मात्र लवतो. आधी गडद काळपट तपकिरी, मग कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट छटा, एवढ्याने सुरकुत्या उठून दिसतात. गेरू, पिवडी, काळा लोह-ऑक्साइड हे खनिज रंग यासाठी चांगले. शेंदूर मात्र नको. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग आहे आणि हिंगूळ पाऱ्याचे. पूजेच्या ताटातली वस्तू म्हणून ती चेहऱ्याजवळ घेण्याजोगी ठरत नाही.

इथेही टिनच्या माणसाचा धडा लागू पडतो. ब्रशने लावलेला रंग जटेवर राहतो. फवारलेला रंग तुषार होऊन छातीत जातो. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असते, त्याने डोके गरगरते. फवारा टाळता आला तर टाळावा. कोरडी रंगाची पूडही उडवत न बसता आधी ओली करून घ्यावी.

लॅटेक्सबद्दलही एक सूचना. ते रबराच्या झाडाच्या चिकाचे असते आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. केळी, किवी किंवा पपई खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटत असेल, फुगा फुगवल्यावर ओठ सुजत असतील, तर लॅटेक्सपासून दूर राहिलेले बरे.

तयार जटेचेही दोन शत्रू

चोवीस तास मोकळ्या हवेत ठेवल्यावर जट वापरायला तयार होते. आता तिच्यातून आयसोसायनेटची भीती जवळपास संपते. मात्र आच लागली नाही तरच. जटेला टोके काढायला किंवा खाचा पाडायला काही जण सोल्डरिंगची कांडी किंवा तापवलेली तार वापरतात. त्या उष्णतेने फोम विघटित होऊन पुन्हा आयसोसायनेट सुटू शकते. खाचा कात्रीने पाडाव्यात.

आग हा त्याहून मोठा शत्रू. फोम झपाट्याने पेटतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइट क्लबमध्ये मंचावर सोडलेल्या शोभेच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला. त्या आगीत १०० माणसे गेली. आपल्या मिरवणुकांत मशाली असतात, अनार असतात. संमेलनांत मंचावर ठिणग्यांची कारंजी उडवायची फॅशन आली आहे. फोमच्या जटा घातलेला नट आणि आग एका मंचावर नकोत. मशाल हवीच असेल, तर ती बॅटरीवर चालणारी असू द्या.

दुसरा शत्रू घाम. फोम उष्णता अडवतो. त्याचा तोच गुण आहे. डोके आणि मान झाकलेली, वरून वऱ्हाडी ऊन, त्यात नाच. घाम वाळत नाही आणि शरीर तापत जाते. दर पंधरा-वीस मिनिटांनी मुखवटा उतरवून पाणी प्यावे. चक्कर, मळमळ, बडबड वाढणे ही लक्षणे दिसली तर सोंग तिथेच थांबवावे.

वाख अजून संपलेला नाही

एवढे सगळे सांभाळणे जमणार नसेल तर? मग ओतकाम टाळावे, जटा टाळू नयेत. गादी-सोफा शिवणाऱ्यांकडे तयार फोमच्या पट्ट्यांची कात्रणे मिळतात. ती आधीच पक्की झालेली असतात. पट्टी कापावी, पीळ द्यावा, दोऱ्याने आवळावी, लॅटेक्सचा किंवा फेव्हिकॉलसारख्या डिंकाचा हात देऊन रंगवावी. वीस फुटांवर बसलेल्या प्रेक्षकाला फरक कळत नाही. अंबाडीचा वाख आणि आपली वऱ्हाडी कपाशी तर आहेच. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात आणि रात्र जागवतात.

ज्यांनी आधीच काही महिने हे काम केले आहे, त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. काम केलेल्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री खोकला येतो का? छाती भरून येते का? चार दिवस काम बंद ठेवले की बरे वाटते का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर काम थांबवावे आणि छातीच्या डॉक्टरांकडे जावे. जाताना बाटल्यांवरच्या लेबलांचा फोटो सोबत न्यावा आणि ‘मी आयसोसायनेटचे काम करतो’ हे आपणहून सांगावे. फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी वेदनारहित असते. संपर्क लवकर तुटला, तर बरे होण्याची शक्यता जास्त असते. वर्षानुवर्षे ‘धुळीचा त्रास’ म्हणून काढली, तर दमा मुक्कामाला येतो.

सोंग रात्रीपुरते असते. मुखवटा उतरवल्यावर नटाने मोकळा श्वास घ्यायचा असतो. तो त्याला घेता यावा, एवढ्यासाठी ओतण्याच्या त्या चार मिनिटांत जपायचे आहे.